वानवळा

लोरेटा प्रुशिन्स्की निवृत्त झाली त्या शुक्रवारी
केक कापून झाला, सह्यांचं कार्ड देऊन झालं,
मग तिनं खालच्या खणातून
हिरव्या पुठ्ठ्याची एक वही काढली.
"कंपनीची नाही ही," म्हणाली.
"माझीही नाही तशी."

हार्टफर्ड. विम्याचं गाव.
खाली नदीच्या कडेला पातळ बर्फ,
वर चौदाव्या मजल्यावर आमचा कोबोल,
कधीच गेलेल्या माणसांचे हप्ते
अजून इमानानं मोजणारा.

वहीत दोन तारखांमधले दिवस मोजायच्या अकरा ओळी.
ओ'ब्रायन, ओ'कॉनर यांच्या डोक्यावरचं टिंब गिळणाऱ्या
छपाईवरचा उतारा.
फाईल रिकामी आली तर
रात्री दोनला कुणाला न उठवायची युक्ती.
आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीनं, कुणाकडून:
"पेरोलच्या अर्लकडून, १९८३. बदल्यात त्याला सॉर्टचं दिलं."
"ग्लेनकडून. ग्लेन गेला. हे चालतं अजून."

एका पानावर कॉफीचा डाग.
"एकोणतीस फेब्रुवारी. वॉटरबरीचा एक गवंडी.
तीन वर्षं आपण त्याला वाढदिवस दिला नाही,
चौथ्या वर्षी त्याची पॉलिसीच बंद केली.
बायकोचा फोन आला. मी घेतला."
त्याखाली सात ओळी.
बाकी काही नाही.

मी आले अठ्ठ्याण्णवला,
दोन हजार सालाच्या धास्तीनं मागवलेल्या
विमानभर माणसांतली एक.
पहिल्याच आठवड्यात तिच्या सात ओळी
न वाचता उचलल्या नि चिकटवल्या,
आणि अख्ख्या व्हरमाँटला दुप्पट बिलं गेली.
ती खुर्ची ओढून शेजारी बसली. ओरडली नाही.
"आधी वाच. मग हातानं लिहून काढ.
मग खुशाल चोर."

मी तिला वानवळ्याचं सांगितलं होतं एकदा, जेवणाच्या सुट्टीत.
की अलिबागला परसातले पहिले दोडके निघाले
की चार आधी शेजारी जायचे, मग आमच्या कढईत,
आणि टोपली रिकामी परत यायची नाही.
कधी अंडी, कधी नुसती मूठभर चिंच.
"आमच्या न्यू ब्रिटनला बीट," लोरेटा म्हणाली,
आणि सँडविचचा कागद
चौकोनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

ती गेल्यावर मी वही टंकून काढली, रोज दोन पानं.
अर्ल, ग्लेन, डाग सोडून सगळं.
मग माझं थोडं घातलं.
एक ओळ होती, चुकून चालवली तर
वर्षाचा हिशेब पुसून टाकणारी.
तिच्या डोक्यावर मी मराठीत लिहिलं: सांभाळ.
यंत्रानं सहा प्रश्नचिन्हं दाखवली.
मग तेच रोमन लिपीत लिहिलं
आणि घरी गेले.

या मार्चमध्ये मारिसोल आली माझ्या टेबलाशी.
तेवीस वर्षांची, पार्क स्ट्रीटची,
कानात एकच डूल.
"हा सांभाळ कोण? अजून आहे का इथं?
त्याला एक विचारायचं होतं."

मी इतकी हसले की पलीकडचा डग उठून उभा राहिला.
मग तिला अर्थ सांगितला. एकच, धोक्याचा.
दुसरा तिचा तिला कळेल,
एखाद्या शुक्रवारी, केकनंतर.

परवा फाईल उघडली तर शेवटी नवीन चार ओळी.
नीट, मोकळ्या, श्वास घ्यायला जागा ठेवलेल्या.
शून्यानं भागायची पाळी आली तर काय करायचं, ते.
मी आधी वाचल्या.
मग हातानं लिहून काढल्या हिरव्या वहीत,
उरलेल्या दीड पानापैकी अर्ध्यावर.

तिनं खाली लिहिलंय, कुणाकडून:
सांभाळ, चौदावा मजला.

दुरुस्त करायला बोट उचललं होतं.
राहू दिलं.